रिकामे परिषदगृह आणि पसंतीचे आकडे

भोपाळच्या अरेरा टेकडीवर मध्यप्रदेशाचे विधानभवन उभे आहे. मूळच्या गोमंतकीय कुळातील वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ह्यांनी त्याचा आराखडा केला आणि १९९६ साली विधानसभा तेथे भरू लागली. तत्पूर्वी चाळीस वर्षे ती बेगमांच्या राजवटीत बांधलेल्या मिंटो हॉलमध्ये भरत असे. कोरिया ह्यांनी ह्या गोलाकार वास्तूत विधानसभेसाठी एक सभागृह, संयुक्त बैठकीसाठी दुसरे, ग्रंथालयासाठी एक दालन आणि विधानपरिषदेसाठी आणखी एक सभागृह योजिले. नवल हे की, ज्या परिषदेसाठी ही जागा राखली गेली ती परिषद आजतागायत अस्तित्वातच आलेली नाही.

ह्याचे कारण कायद्याच्या एका बारीक तरतुदीत दडलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपद संपले आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयात चाकरी करणारी कित्येक मराठी कुटुंबे त्याच सुमारास भोपाळास येऊन स्थिरावली. त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने, ज्या राज्यांत विधिमंडळाची दोन सभागृहे असतील त्यांच्या यादीत, म्हणजे १६८व्या अनुच्छेदात, मध्यप्रदेशाचे नाव घालण्यात आले. मात्र हा बदल राष्ट्रपती अधिसूचनेने नेमून देतील त्या दिवसापासून अमलात येईल, अशी पुस्ती त्यास जोडलेली होती. तो दिवस अद्याप नेमला गेलेला नाही. पश्चिम बंगाल, पंजाब, तामिळनाडू ह्या राज्यांनी आपल्या परिषदा मोडल्या. आंध्रप्रदेशाने मोडून पुन्हा उभारली. मध्यप्रदेशाची परिषद मात्र उभारलीही गेली नाही आणि मोडलीही गेली नाही. घटनेच्या पानावर नाव आहे, टेकडीवर सभागृह आहे, सभासद तेवढे नाहीत.

ही परिषद भरली असती तर तिचे निवडून द्यावयाचे सभासद कोणत्या रीतीने निवडले गेले असते, हे १७१व्या अनुच्छेदात सांगून ठेवले आहे: स्थानिक संस्था, पदवीधर, शिक्षक आणि आमदार ह्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर, एकल संक्रमणीय मताने. परिषद भोपाळास मिळाली नाही. तिची मतपद्धती मात्र इतर दारांनी ह्या शहरात आलेली आहे. आम्हा वकिलांच्या राज्य परिषदेची निवडणूक ह्याच पद्धतीने होते. सनदी लेखापालांच्या प्रादेशिक परिषदेचीही तशीच होते आणि तीत काही मते टपालाने येतात. सामान्य नागरिकाला जी पद्धत ठाऊक नाही ती मूठभर सुशिक्षितांच्या संस्थांतच का राहिली, ह्याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि आपल्यासारख्या गावोगाव विखुरलेल्या समाजाने तो ध्यानी घेण्याजोगा आहे.

प्रथम पद्धत समजून घेऊ. समजा, पाच जागा आहेत आणि मतदार शंभर. प्रत्येक मतदाराला मत एकच. परंतु त्याच्या मतपत्रिकेवर सर्व उमेदवारांची नावे असतात आणि तो त्यांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. निवडून येण्यास किती मते लागतील, तो कोटा आधी काढतात: मतांच्या संख्येस जागांपेक्षा एक अधिक अशा आकड्याने, म्हणजे येथे सहाने, भागावयाचे आणि येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवावयाचा. शंभरास सहाने भागून सोळा आणि त्यात एक, म्हणजे सतरा. सतरा मते मिळाली की उमेदवार निवडून आला. एखाद्यास सतराहून अधिक मिळाली तर वरकड मते वाया जात नाहीत. ती मतदारांनी लिहिलेल्या पुढील पसंतीच्या उमेदवारांकडे प्रमाणाने वळतात. तरीही जागा उरल्या तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या आकड्याकडे जातात. मत एकच, पण ते हिंडते. म्हणून त्यास संक्रमणीय म्हणावयाचे.

वरकड मतांचे हे हिंडणे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते. पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा कोल्हापूरचे संजय पवार ह्यांना ३३ आणि कोल्हापूरचेच धनंजय महाडिक ह्यांना २७ मते होती. साध्या मोजणीने पवार जिंकले असते. परंतु कोटा चाळीस मतांहून किंचित अधिक होता आणि महाडिक ह्यांच्या पक्षाच्या अन्य दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मते मिळाली होती. त्या दोघांची वरकड मते दुसऱ्या पसंतीने महाडिक ह्यांच्याकडे वळली आणि सहावी जागा त्यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी पुष्कळांना हा चमत्कार वाटला. तो निव्वळ अंकगणिताचा भाग होता.

जागा एकच असेल तर ह्या पद्धतीचे स्वरूप पालटते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत कोटा निम्म्याहून अधिक असतो. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख असे तिघे प्रमुख उमेदवार होते. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरी ह्यांच्या मतांचे मूल्य ४,०१,५१५, रेड्डी ह्यांचे ३,१३,५४८ आणि देशमुखांचे १,१२,७६९ भरले. कोटा ४,१८,१६९ होता. तो कोणीच गाठला नाही. देशमुख व इतर उमेदवार बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंत्या मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. देशमुखांच्या मतदारांचा मोठा भाग रेड्डींकडेच वळला होता, तरी गिरींना हवी तेवढी थोडी मते त्यातून मिळाली. आपल्या इतिहासात दुसऱ्या पसंतीने ठरलेली राष्ट्रपतिपदाची ही एकमेव निवडणूक होय. त्या निकालाची चर्चा आजही इंदिरा गांधींनी घातलेल्या अंतरात्म्याच्या सादेभोवतीच फिरते. देशमुखांच्या मतपत्रिकांवरील २ हा आकडा फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

ह्या पद्धतीची कल्पना दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी निघाली. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे ह्या गणितज्ञ मंत्र्याने १८५५ साली ती कायद्यात आणली. त्याचा मागमूस नसताना इंग्लंडात थॉमस हेअर ह्याने १८५७ मध्ये एक पुस्तिका आणि १८५९ मध्ये मोठा ग्रंथ लिहून ती मांडली. हेअर हा बॅरिस्टर होता आणि त्याची सरकारी नोकरी धर्मादाय संस्थांच्या तपासनीसाची होती. आपल्याकडील धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतील एखाद्या अधिकाऱ्याने फावल्या वेळात लोकसभेच्या निवडणुकीची नवी रचना आखावी, तसे हे झाले. न्यासांच्या कारभारात थोडक्यांचा आवाज कसा दडपला जातो हे त्याने जवळून पाहिले असावे, असा माझा तर्क आहे. तर्काहून अधिक त्यास किंमत देऊ नये. हेअरची योजना मोठी धाडसी होती. सारे राज्य हा एकच मतदारसंघ समजावा आणि देशाच्या चार कोपऱ्यांत राहणाऱ्या समानमतवाद्यांनी एकत्र येऊन आपला एक प्रतिनिधी निवडावा, असे तो म्हणे. गावात दहाच माणसे एका मताची असतील, पण अशी शंभर गावे असतील, तर त्या हजारांना प्रतिनिधी का नसावा? जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८६१ च्या आपल्या प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील ग्रंथात ह्या योजनेची मनःपूर्वक भलावण केली आणि १८६७ मध्ये पार्लमेंटात ती मांडलीही. पण सभागृहाचा कल पाहून त्याला ती मागे घ्यावी लागली. आज वापरात असलेला कोटा हेअरचा नव्हे. तो हेन्‍री ड्रूप ह्याचा, आणि तोही बॅरिस्टरच. वकिलांना लोक शब्दच्छल करणारे म्हणतात, पण येथे त्यांनी गणित केले, हे जाता जाता नमूद करतो.

टपालाचा संबंध ह्या पद्धतीशी विद्यापीठांमुळे आला. ऑक्सफर्ड, केंब्रिज इत्यादी विद्यापीठांचे पदवीधर पार्लमेंटात आपले प्रतिनिधी पाठवीत. हे पदवीधर देशभर पांगलेले. कोणी पाद्री, कोणी शाळामास्तर, कोणी दूरच्या गावी वैद्य. मत देण्यासाठी विद्यापीठाच्या गावी जाणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. म्हणून १८६१ च्या एका कायद्याने त्यांना घरबसल्या मतपत्र भरून पाठविण्याची मुभा मिळाली. पुढे १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला तेव्हा विद्यापीठांना त्यातून वगळण्यात आले. मतपत्र घरून येणार तर ते पुरते गुप्त कसे राहणार, ही अडचण तेव्हाच ओळखली गेली होती. १९१८ मध्ये जेथे एकाहून अधिक जागा होत्या त्या विद्यापीठ मतदारसंघांना एकल संक्रमणीय मताची पद्धत लागू झाली आणि १९५० साली हे मतदारसंघ नाहीसे होईपर्यंत ती टिकली. पांगलेला मतदार, टपालाचा लखोटा आणि पसंतीचे आकडे, ही तिन्ही येथे एकत्र आली.

हिंदुस्थानात ह्या पद्धतीची खरी कसोटी १९४६ साली लागली. कॅबिनेट मिशनच्या १६ मे १९४६ च्या योजनेप्रमाणे घटना समितीचे सभासद प्रांतिक विधानसभांनी निवडावयाचे होते, आणि तेही जनतेच्या थेट मताने नव्हे, तर आमदारांच्या गटांनी एकल संक्रमणीय मताने. त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची वाताहत झालेली होती. मुंबईच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचा एकही आमदार नव्हता. ज्या प्रांतात त्यांनी आयुष्यभर काम केले तेथून घटना समितीत जाण्याचा मार्ग असा बंद झाला. तेव्हा ते बंगालमधून उभे राहिले. बंगालात सर्वसाधारण गटास सत्तावीस जागा होत्या, म्हणजे मत देणाऱ्या आमदारांच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याहून किंचित अधिक मते पुरेशी होती, आणि हा हिस्सा हातांच्या बोटांवर मोजण्याइतका भरत होता. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मते जमविली आणि आंबेडकर निवडून आले. साध्या बहुमताने सत्तावीसच्या सत्तावीस जागांवर मतदान झाले असते तर काँग्रेसच्या प्रचंड बहुमतापुढे त्यांचा निभाव लागला नसता. घटनेच्या शिल्पकाराला घटना समितीत आणणारी ही मूठभर मते होती, आणि त्या मुठीस किंमत दिली ती ह्या मतपद्धतीने.

पुढला प्रकार तितकाच बोधक आहे, जरी त्याची चर्चा कमी होते. बंगालच्या फाळणीबरोबर आंबेडकरांचे ते सभासदत्व संपले. मुंबईतून निवडून आलेले बॅ. मुकुंदराव जयकर ह्यांनी राजीनामा दिल्याने एक जागा रिकामी होती. राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर ह्यांना पत्र लिहून आंबेडकरांना निवडून पाठविण्याची विनंती केली आणि जुलैमध्ये ते मुंबईतून घटना समितीत परत आले. पद्धत कागदोपत्री बदललेली नव्हती. परंतु जागा एकच, म्हणून कोटा निम्म्याहून अधिक; आणि मुंबईत निम्म्याहून अधिक मते फक्त काँग्रेसच्या हाती होती. १९४६ मध्ये बाबासाहेब आपल्या माणसांच्या बळावर निवडून आले. १९४७ मध्ये विरोधकांच्या सौजन्याने. ते सौजन्य राष्ट्राच्या हिताचे ठरले ह्यात संशय नाही, पण कोणत्याही अल्पसंख्याने आपले प्रतिनिधित्व दुसऱ्याच्या सौजन्यावर सोडावे असे मला वाटत नाही. एकल संक्रमणीय मत अल्पसंख्याचे रक्षण करते असे आपण म्हणतो, ते अनेक जागा एकदम भरावयाच्या असतील तेव्हाच खरे असते.

आणि तरीही ही पद्धत जनतेसाठी नाकारली ती आंबेडकरांनीच. ४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत लोकसभेच्या निवडणुकीचा अनुच्छेद चर्चेस आला, तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. त्यांचा भर संचयी मतावर होता, म्हणजे जितक्या जागा तितकी मते आणि ती सगळी एकाच उमेदवारास देण्याची मोकळीक. ही रीत आंबेडकरांना परकी नव्हती. १९३७ साली मुंबई इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघांत तीच रूढ होती आणि तिच्याच आधारे ते विधानसभेत निवडून आले होते. परंतु उत्तर देताना त्यांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, प्रमाणशीर प्रतिनिधित्वास मतदार निदान आकडे ओळखून ते मतपत्रिकेवर मांडण्याइतका साक्षर असावा लागतो, आणि देशातील साक्षरता पाहता तशी अपेक्षा करता येत नाही. दुसरा असा की, ह्या पद्धतीने विधिमंडळात अनेक लहान गट येतील आणि सरकारे अस्थिर होतील. दुरुस्ती फेटाळली गेली.

पहिल्या आक्षेपाचे वजन आज आपल्या ध्यानी येत नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवावे लागले होते. मतदाराने शिक्का मारणेही अपेक्षित नव्हते, कागद हव्या त्या पेटीत टाकला की झाले. अशा मतदाराच्या हाती १ ते १० आकडे लिहावयाची पत्रिका कोण देणार? तेव्हा आंबेडकरांचा नकार हा आपल्याच अनुभवाचा विसर नव्हता, तर समोरच्या देशाचे अचूक मापन होते, असे मी समजतो. २०११ च्या जनगणनेत हेच प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, म्हणून पहिला आक्षेप पुष्कळ सैल झाला आहे. दुसरा मात्र जसाच्या तसा उभा आहे. लोकसभेतून सरकार बनते. ते टिकावे की सर्व मतांचे प्रतिबिंब त्यात पडावे, हा वाद प्रामाणिक माणसे आजही दोन्ही बाजूंनी करू शकतात. दोन आक्षेप वेगळे आहेत आणि वेगळेच ठेवले पाहिजेत.

असे झाल्यामुळे ही पद्धत ज्या निवडणुकांतील मतदार निश्चितपणे लिहितावाचता होता त्यांतच उरली. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा, विधानपरिषदा, आणि त्यांच्या मागोमाग विद्या व व्यवसाय ह्यांच्या संस्था. राज्यसभेच्या नियमांत एक गोष्ट मोठी गमतीची आहे: मतदार पसंती आंतरराष्ट्रीय आकड्यांत, रोमन आकड्यांत किंवा कोणत्याही भारतीय भाषेच्या आकड्यांत लिहू शकतो, पण अक्षरांत लिहू शकत नाही. म्हणजे मराठी आमदाराने नावापुढे देवनागरी १ काढला तर मत ग्राह्य; ‘एक’ असे लिहिले तर बाद.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाच्या तिसऱ्या कलमाने राज्य वकील परिषदांना हीच पद्धत दिली. मतदार पाच हजारांपर्यंत असतील तर पंधरा सभासद, दहा हजारांपर्यंत वीस आणि त्यावर पंचवीस. मध्यप्रदेशाची परिषद जबलपुरास आहे, कारण उच्च न्यायालय तेथे आहे. भोपाळच्या वकिलांनी आपलाच माणूस पाठवावयाचा म्हटले तर त्यांना सर्व राज्यावर मात करावी लागत नाही. पंचवीस जागांस सव्विसावा हिस्सा पुरतो.

सनदी लेखापालांचा १९४९ चा कायदा १ जुलै १९४९ रोजी अमलात आला आणि त्याच्या २३व्या कलमाखाली प्रादेशिक परिषदा स्थापन झाल्या. देशाचे पाच विभाग आहेत. भोपाळ मध्य भारत विभागात येते. त्याची परिषद कानपुरास असून उत्तरप्रदेश, उत्तराखंड, बिहार, झारखंड, राजस्थान, मध्यप्रदेश आणि छत्तीसगड एवढा विस्तार तिच्याखाली आहे. हा विस्तार पाहिला की हेअरची आठवण होते: हजार-बाराशे मैलांत पसरलेला एक व्यवसाय, एकमेकांचे तोंडही न पाहिलेले मतदार आणि एकच मतपत्रिका. भोपाळसारख्या शहरात मतदानकेंद्र असते. परंतु ज्या गावी केंद्र उभारण्याइतके सभासद नाहीत तेथील लेखापालास मतपत्रिका टपालाने जाते. त्याने निदान १ हा आकडा एका नावापुढे लिहिलाच पाहिजे. पुढील आकडे त्याच्या मर्जीचे. दोन नावांपुढे १ लिहिला की पत्रिका बाद. लहान गावचा एकटा लेखापाल बहुमताच्या निवडणुकीत कोणाच्या खिजगणतीत आला नसता. येथे त्याची दुसरी-तिसरी पसंतीही शेवटच्या जागेचा निकाल फिरवू शकते, आणि उमेदवारांना ते पुरते ठाऊक असते. त्यामुळे पहिली पसंती मिळणार नाही अशा ठिकाणीही त्यांना गोडीने बोलावे लागते.

टपालाचा दोषही सांगितला पाहिजे. लखोट्यात लखोटा घालून आणि स्वाक्षरीचा कागद वेगळा ठेवून मत गुप्त राखता येते, पण ते मोजणीच्या टेबलावर. मतदाराच्या घरात त्याच्या खांद्यावरून कोण डोकावतो, हे कोणताही नियम पाहू शकत नाही. कोऱ्या मतपत्रिका घरोघर जाऊन गोळा करणारे उत्साही कार्यकर्ते अनेक संस्थांतून आढळतात, आणि पसंतीचे सर्व आकडे एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या पत्रिकांचे गठ्ठे पाहून मोजणी करणाऱ्यांनी कपाळास हात लावल्याच्या कथा वकिलांच्या खोलीत सर्वांच्या परिचयाच्या आहेत. जेथे केंद्र उघडणे शक्य आहे तेथे केंद्रच उघडावे आणि टपाल केवळ दूरस्थांसाठी ठेवावे, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्या घरी येऊ. आपली देवस्थाने, न्यास, शिक्षणमंडळे, समाजाच्या सभा ह्यांच्या कार्यकारिणी निवडणुकीनेच भरतात. गोव्यातील देवस्थानांत महाजनांची समिती १९३३ च्या माझानी कायद्याखाली दर तीन वर्षांनी निवडली जाते. बहुतेक संस्थांच्या घटनांत एक साधे वाक्य असते: जितक्या जागा तितकी मते, ज्यांना अधिक मते ते निवडून आले. हे वाक्य न्याय्य वाटते. पण पुन्हा शंभर मतदार आणि पाच जागा घ्या. साठ एका तटाचे, चाळीस दुसऱ्या तटाचे. साठांनी आपल्या पाच उमेदवारांना पाच-पाच मते दिली की पाचही जागा त्यांच्या. चाळीसांच्या पदरी शून्य. एकल संक्रमणीय मताने साठांना तीन आणि चाळीसांना दोन जागा मिळतात. ज्या चाळीसांना शून्य मिळते ते पुढच्या वर्षी सभेस येत नाहीत, त्यापुढे वर्गणी थांबवितात आणि शेवटी न्यायालयात येतात. पालखीच्या मानावरून वा जमाखर्चावरून देवस्थानांचे जे दावे वर्षानुवर्षे चालतात, त्यांपैकी कितीतरी दाव्यांचे मूळ पाहिले तर समितीत आपला एकही माणूस नाही ही सल सापडते. वकील म्हणून अशा दाव्यांबद्दल तक्रार करणे मला शोभणार नाही. पण समाजाचा सभासद म्हणून ते पाहवत नाहीत.

लोकसभेसाठी घेतलेले दोन्ही आक्षेप येथे गैरलागू आहेत. आपला मतदार आकडे लिहू शकतो, आणि देवस्थानाच्या समितीतून मंत्रिमंडळ बनत नाही की ते कोसळण्याची धास्ती बाळगावी. समितीत दोन विरोधी सभासद बसले तर सभा जरा लांबतील, चहा दोनदा होईल. त्याबदली हिशेब एकाऐवजी दोन तटांच्या डोळ्यांखालून जातील. मुंबई, मंगळूर, भोपाळ वा आखाती देशांत राहणारा कुळावी, जो उत्सवालाही दर वर्षी येऊ शकत नाही, त्याचे मत ज्या संस्थांत टपालाने घेण्यास कायद्याची हरकत नाही तेथे तरी घेतले जावे. मात्र देवस्थानास लागू असलेला कायदा आधी पाहावा. जेथे निवडणुकीची रीत कायद्यानेच बांधून दिली आहे तेथे सभेच्या ठरावाने ती बदलता येत नाही. जेथे ती संस्थेच्या स्वतःच्या घटनेत आहे तेथे दुरुस्तीचा मार्ग मोकळा आहे.

अशी दुरुस्ती लिहिताना एका कलमाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. मुदतीच्या मध्येच एखादा सभासद मरण पावला किंवा त्याने राजीनामा दिला तर काय करावयाचे? रिकामी झालेली एक जागा पुन्हा सर्वांच्या मतदानाने भरली तर कोटा निम्म्याहून अधिक होतो आणि थोडक्यांची जागा बहुसंख्याकडे जाते. मुंबईत १९४७ साली जे सौजन्याने सावरले गेले ते प्रत्येक गावी सावरेलच असे नाही. ही पद्धत १८९६ सालापासून जाणणाऱ्या टास्मानिया बेटाने ह्यावर १९१७ मध्ये तोड काढली. गेलेल्या सभासदास ज्या मतपत्रिकांनी निवडून दिले होते त्याच पुन्हा काढावयाच्या आणि त्यांवरील पुढची पसंती मोजून जागा भरावयाची. नवे मतदान नाही, नवा खर्च नाही आणि ज्यांचा प्रतिनिधी गेला त्यांनाच पुन्हा प्रतिनिधी मिळतो. त्यासाठी एवढेच करावे लागते की, मोजणी संपल्यावर मतपत्रिका जाळून टाकू नयेत. दोन्ही तटांच्या सह्यांनी लाख लावून त्या मुदत संपेपर्यंत देवस्थानाच्या तिजोरीत ठेवाव्यात आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असाव्यात.